मोसंबीच्या मुलखातला गुलाब

जालन्यात अंगणातल्या गुलाबाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. नर्सरीतून लालभडक गुलाब आणला होता, दोन वर्षं छान फुलला, आणि मग एका कडक उन्हाळ्यानंतर त्याने रंगच बदलला. आता बारकी, फिकट, झुपक्याने येणारी फुलं लागतात आणि झाड मात्र काट्यांसकट कुंपणाबाहेर धावतं. दोष कधी मातीला दिला जातो, कधी पाण्याला, कधी नर्सरीवाल्याला.

हीच तक्रार अंबड किंवा घनसावंगीकडच्या मोसंबीवाल्यापुढे मांडली तर त्याला त्यात कोडं म्हणावं असं काही दिसत नाही. त्याच्या बागेत हे घडतच असतं. मोसंबीचं कलम वरून वाळतं, बुंध्यातून हिरवीगार जोमदार फूट निघते, घरातल्या नवख्या माणसाला वाटतं झाड सावरलं, आणि दोन-तीन वर्षांनी त्या फुटीला लागतात जंबेरीची आंबट फळं. कलम मेलेलं असतं, जगलेला असतो तो खुंट. गुलाबाने रंग बदललेला नसतो. ज्या लाल गुलाबाचे पैसे मोजले तो उन्हाळ्यातच गेलेला असतो. मागे उरतं ते त्याला पाठीवर घेणारं रानटी झाड, आणि आपण इमानेइतबारे त्यालाच पाणी घालत असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जालना जिल्ह्याला गुलाब सांभाळायला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही. खुंट, डोळा, ताण, बहार, पानसोट, चुनखडी, हिराकस, बोर्डो पेस्ट ही सगळी विद्या इथल्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. ज्या घरातला मुलगा मोसंबीच्या पानाकडे पाहून लोह कमी पडलंय की जस्त हे सांगतो, त्याच घराच्या ओट्यावरच्या कुंडीत गुलाब पिवळा पडून उभा असतो आणि त्याच्यावर अंड्याची टरफलं टाकली जातात. बागेतली विद्या अंगणापर्यंत आलेली नाही, कारण गुलाब हे बायकांचं, हौसेचं, देवपूजेचं झाड. त्याला पिकाचा मान नाही.

जालन्याची देशभरातली ओळख मात्र बियाण्यांची. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या बीजोत्पादनाची सुरुवात झाली ती ‘पुसा सावनी’ भेंडीने. ही भेंडी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची. १९५० ते १९६५ या काळात या संस्थेचे संचालक होते डॉ. बी. पी. पाल, गव्हाच्या तांबेरा रोगाशी झुंजणारे शास्त्रज्ञ आणि त्याच वेळी भारतातले नामांकित गुलाबपैदासकार. ‘रोझ शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे गुलाब. १९६६ साली त्यांचं भारतातल्या गुलाबांवरचं मोठं इंग्रजी पुस्तकही आलं. म्हणजे जालन्याला भेंडी देणाऱ्या संस्थेचा कारभारी गुलाबाचा माणूस होता. भेंडी इथे आली, तिच्यावर एक उद्योग उभा राहिला. गुलाब काही आला नाही. आला असता तरी त्याचं बियाणं पाकिटात भरून विकता आलं नसतं.

कारण गुलाब बीपासून तसाच्या तसा येत नाही. प्रत्येक बी वेगळं झाड देते, बहुतेक वेळा आईपेक्षा हलकं. ‘ग्लॅडिएटर’ नावाचा जो लाल गुलाब महाराष्ट्रात उघड्या शेतात वर्षानुवर्षं लावला गेला, तो १९५५ साली अमेरिकेत बाजारात आला. आज त्याची जिथे कुठे झाडं असतील ती सगळी त्या एकाच मूळ झाडाचे डोळे आहेत. पण नवा गुलाब घडवायचा म्हटलं तर जालन्याच्या हातांना ते काम परकं नाही. जाफराबाद, देऊळगाव राजा पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या फुलांवर ‘क्रॉसिंग’ करणाऱ्या बाया सकाळपासून हेच करत असतात. उमलण्याआधी कळी उघडायची, पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, फुलाला खूण बांधायची. गुलाबातही कृती अगदी हीच. फरक एवढाच की टोमॅटोच्या फळात शेकड्याने बिया मिळतात, गुलाबाच्या बोंडात मोजक्या, आणि त्याही आधी थंडाव्यात ठेवाव्या लागतात. इतकं कसब असलेल्या जिल्ह्यातून एकही नामांकित गुलाब निघाला नाही याचं मला नवल वाटतं. व्यवहार म्हणून पाहिलं तर मुळीच वाटत नाही.

अंगणासाठी खरा गुलाब झुडुपी. तो म्हणजे नेमका कोणता, हे आता सांगायला हवं. फुलबाजारात लांब दांड्याचा, एका दांड्याला एकच फूल असलेला गुलाब दिसतो तो हायब्रिड टी. त्या घराण्याचा पहिला मानकरी म्हणून १८६७ सालचा ‘ला फ्रान्स’ धरला जातो आणि त्याच्या आधीच्या घराण्यांना जुने गुलाब म्हणायची पद्धत आहे. झुडुपी गुलाबाला दांड्याची फिकीर नसते. तो बुंध्यापासून अनेक फांद्या काढतो, कंबरेएवढा किंवा डोक्याएवढा गोलसर वाढतो, फुलं झुपक्याने देतो आणि एखादी फांदी वाळली तर तिचं सुतक धरत नाही. फूल तोडून फुलदाणीत लावणाऱ्याला तो निराश करतो. अंगणात झाड हवं असणाऱ्यासाठी मात्र तोच खरा.

युरोपातल्या जुन्या गुलाबांपैकी बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीला चीनमधले बारमाही गुलाब जहाजांनी तिकडे गेले. वाटेत कलकत्त्याला थांबत गेले म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणू लागले. पुढे हिंदी महासागरातल्या बोर्बोन बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर, शेताच्या कुंपणाला लावलेले चिनी आणि दमास्क गुलाब आपसात मिसळले आणि त्यातून निघाला ‘एदुआर’. १८१७ च्या सुमाराला तो तिथल्या वनस्पतितज्ज्ञाच्या नजरेला पडला, दोन वर्षांनी त्याचं बी पॅरिसला पोचलं. हाच ‘एदुआर’ भारतात असा रुजला की दक्षिणेत तो पन्नीर गुलाब झाला आणि उत्तरेत कलमांचा खुंट झाला. आपल्याकडे गावरान, गावठी, देशी, गुलकंदाचा अशा नावांनी जी सुवासिक गुलाबी झाडं चालतात त्यांतली बरीचशी याच्या गोतावळ्यातली असतात. काही दमास्क असतात. ओळखायची खूण सोपी आहे. वर्षभर थोडंथोडं फुलत राहिलं तर ते एदुआरच्या बाजूचं, आणि फक्त होळी ते चैत्र या दिवसांत एकदम लदबदून पुढे गप्प बसलं तर दमास्क.

जुन्या जालन्यातल्या वाड्यांच्या मागल्या दारी, खेड्यांत हौदाच्या कडेला, दर्ग्याच्या आवारात जो गुलाब तगलेला दिसतो तो हा गावरान. तो कुणी विकत आणलेला नसतो. “काकू, एक काडी द्या ना,” म्हणून मागून आणलेली फांदी असते, बहुधा माहेरची किंवा शेजारची. काडीवर आलेलं झाड स्वतःच्या मुळांवर असतं, त्याला खुंट नसतो. या एका गोष्टीवर मराठवाड्यात झाडाचं जगणं-मरणं ठरतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकरने पाणी घालून थकलेल्या शेतकऱ्यांनी शेवटी झाडांवर कुऱ्हाड चालवली. ज्या घरात पिण्याच्या पाण्याची भांडी रांगेत ठेवलेली असतात तिथे गुलाबाला कोण विचारणार? कलमी गुलाब जमिनीपर्यंत वाळले. पुढचा पाऊस झाला तेव्हा जिथे काही उगवलं तिथे खुंट उगवला. गावरान गुलाबही जमिनीपर्यंत वाळले होते, पण त्यांच्या बुंध्यातून जी फूट आली ती त्यांचीच होती. झाडाचं वय मोडलं, वंश मोडला नाही. म्हणून जालन्यात गुलाब घेताना फुलाचा रंग पाहण्याआधी झाड कशावर उभं आहे ते विचारावं. मोसंबीचं रोप घेताना आपण रंगपूर की जंबेरी हे विचारल्याशिवाय पैसे देत नाही. गुलाबाच्या वेळी पाकिटावरचा फोटो बघून देतो.

खुंटाचं महत्त्व फक्त दुष्काळापुरतं नाही. गुलाबाला किंचित आम्ल माती लागते, सामू सहा-साडेसहाच्या आसपास. आपल्या काळ्या मातीचा सामू साडेसात ते साडेआठ, वर चुनखडी. अशा जमिनीत ‘रोझा मल्टिफ्लोरा’ हा खुंट लवकर पिवळा पडतो, त्याच्या मुळांचा ओढा आम्ल मातीकडे असतो. ‘रोझा इंडिका ओडोराटा’ हा खुंट क्षार आणि चुना बराच सोसतो. नर्सरीत हे नाव विचारल्यावर विक्रेता गोंधळून पाहील. तरी विचारावं, दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी उत्तर तयार होतं.

माती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही असं मी म्हणणार नाही, कृषी विज्ञान केंद्रात नमुना दिलेला केव्हाही चांगला. पण चुनखडी आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर ढेकळावर लिंबू पिळावं. बारीक फसफस झाली तर मोकळा चुना आहे. फसफस झाली नाही तर आपण नशीबवान आहोत, किंवा लिंबू वाळकं आहे. मोसंबीसाठीसुद्धा दहा टक्क्यांहून जास्त मोकळा चुना असलेली जमीन टाळायला सांगतात. अंगण मात्र टाळता येत नाही, घर तिथेच बांधलेलं असतं.

चुन्याच्या मातीत लोह असतं, भरपूर असतं, पण झाडाला घेता येत नाही अशा रूपात बंद पडतं. म्हणून नवी पानं पिवळी आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांची जाळी. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर तो नत्राचा प्रश्न, हे मोसंबीवाल्याला सांगायला नको. उपायही त्याच्याच गोठ्यात आहे. हिराकस लिटरला पाच ग्रॅम, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आणि कोवळ्या पानांवर सकाळी किंवा संध्याकाळी फवारणी; आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. नुसतं हिराकस बुडाशी टाकून उपयोग होत नाही, चुना त्याला काही दिवसांत निकामी करतो. टाकायचंच तर कुजलेल्या शेणखतात मुरवून टाकावं. चिलेटेड लोह विकत घेणार असाल तर डबीवर ईडीडीएचए लिहिलंय का ते पाहा. स्वस्तातलं ईडीटीए चुन्याच्या जमिनीत टिकत नाही.

आता त्या अंड्याच्या टरफलांबद्दल. ती शुद्ध चुना आहेत. चुन्याने आजारी पडलेल्या झाडाला चुना वाढायचा हा प्रकार कुठून तरी आम्ल मातीच्या प्रदेशातून आपल्याकडे आलेला सल्ला आहे. चुलीची राखही तशीच, माती आणखी अल्क करते. हाडांच्या खतातलं स्फुरद चुन्याच्या मातीत मोकळं होतच नाही, पैसे वाया. चहाचा चोथा, केळीच्या साली निरुपद्रवी आहेत, त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नसावी. खरं काम करतं ते लेंडीखत आणि शेणखत, पूर्ण कुजलेलं, वर्षातून दोनदा, आणि सोबत मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. आमच्याकडे लेंडीखताची अजून टंचाई नाही, धनगरवाडा जवळ असेल तर शहरातल्या नर्सरीच्या रंगीत पिशव्यांकडे बघायचंही कारण नाही.

काळ्या मातीचा दुसरा गुण म्हणजे ती उन्हाळ्यात भेगाळते आणि श्रावणात पाणी धरून बसते. गुलाबाचं मूळ तहान सोसतं, डबक्यात कुजतं. काळ्या रानात खड्डा खणून त्यात उत्तम खत-माती भरली तर पावसाळ्यात तो खड्डा हौद होतो, चारी बाजूंनी झिरपून आलेलं पाणी त्यात साठतं आणि झाड आतल्या आत गुदमरतं. त्यापेक्षा वीतभर उंच गादीवाफा करावा, मातीत चाळलेला मुरूम सढळ हाताने मिसळावा. तलावांतला गाळ शेतात नेऊन टाकल्यावर पिकं सुधारतात हे जालन्याने पाहिलंय, घाणेवाडी तलावाचा गाळ काढायचं काम नागरिकांनी मनावर घेतलं तेव्हा तो शेतांत गेलाच. पण तोच गाळ कुंडीत भरू नये. शेतात पसरलेला गाळ आणि कुंडीत कोंडलेला गाळ यांत फार फरक आहे. कुंडीतला चार पाण्यांत वीट होतो.

पाण्याची कथा मातीहून अवघड. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही मनमानी. जालना शहराला जायकवाडीचं पाणी पाइपाने येतं, नळ रोज सुटत नाही, म्हणून अंगणातलं झाड बोअरच्या पाण्यावर. बोअरचं पाणी जड. रोज थोडंथोडं शिंपडलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, कुंडीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. त्यापेक्षा जमिनीतल्या झाडाला उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एकदा, पण हातभर खोल जाईल असं पाणी द्यावं. कुंडीला मात्र रोज द्यावं लागतं आणि महिन्यातून एकदा तळातून धो-धो वाहून जाईल इतकं.

इथे घरोघरची एक सवय सांगायला हवी. उन्हाळा आला की कूलर बाहेर येतो. त्याच्या टाकीतलं पाणी दिवसभर वाफ होऊन उडत असतं, मागे राहतो तो क्षारांचा अर्क. आठवड्याने टाकी धुताना ते पाणी वाया घालवायचं जिवावर येतं म्हणून ते गुलाबाला जातं. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही असंच, गोडं काढून घेतल्यावर उरलेलं. पाणी वाचवायची भावना खरी आहे, पण या पाण्याने फरशी पुसावी. साबणाचं पाणीही नको, त्यातल्या सोडियमने काळी माती चोपण होते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, एसीचं ठिबकणारं पाणी उत्तम, आणि पावसाचं पाणी पिंपात धरलेलं असेल तर गुलाबाला त्याहून मोठी मेजवानी नाही.

आळ्यावर सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट चार बोटं जाड पसरलं की मे महिन्यातलं अर्धं काम होतं. वाळवीचा त्रास असेल तर भुसकट बुंध्याला टेकू देऊ नये.

बहार हा शब्द मोसंबीवाल्याकडून गुलाबाने केव्हाच उचललेला आहे. मोसंबीला आंबे बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, मग खत आणि पाणी सोडतात, की झाड फुलांनी भरतं. दख्खनमधले जुने माळीही पावसाळ्यानंतर गुलाबाच्या बुंध्याभोवतीची माती काढून मुळ्या आठवडाभर उन्हात उघड्या ठेवत, पाणी तोडत, मग छाटणी करून शेणखत भरत. डोकं एकच आहे, झाडाला भिववायचं आणि मग जेवू घालायचं. आज मुळ्या उघड्या करायची शिफारस कुणी करत नाही, त्यात बारीक मुळं तुटतात आणि झाडाचं बळ जातं. मला ते पटतं. पण छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करायला हरकत नाही, काळ्या मातीत तर ते आपोआप होतं.

छाटणीची वेळ कोजागिरी ते दिवाळी. पाऊस पुरता थांबलेला, ऊन अजून कोवळं नाही आणि थंडी दाराशी. छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फुलं येतात. हायब्रिड टी गुडघ्याएवढा ठेवून कडक छाटतात. झुडुपी गुलाबाला ती शिक्षा नको, इथेच लोक घोळ करतात. त्याच्या वाळलेल्या, रोगट, आत घुसलेल्या फांद्या काढाव्या. सर्वांत जुन्या, सालीवर चिरा पडलेल्या दोन-तीन फांद्या अगदी बुंध्यातून काढाव्या, म्हणजे तळातून नवी येते. उरलेल्यांचा फक्त वरचा तिसरा हिस्सा. जो गुलाब वर्षातून एकदाच फुलतो त्याला या दिवसांत हातही लावू नये, तो जुन्या लाकडावर फुलतो. त्याची छाटणी चैत्रातला बहार उरकल्यावर. छाटलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावावी, मोरचूद आणि चुना एकेक किलो, पाणी दहा लिटर. घरगुती मापाने दहा-दहा ग्रॅमला शंभर मिलिलिटर. मोसंबीच्या बुंध्याला लावून उरलेली चालते. शेंड्याकडून काळं पडत खाली येणारं जे वाळणं गुलाबाला होतं, ते बहुतेक वेळा उघड्या राहिलेल्या कापापासूनच सुरू होतं.

कलमी झाडावर आणखी एक नजर हवी. डोळ्याच्या जोडाखालून निघणारी प्रत्येक फूट मोसंबीच्या पानसोटासारखी ओढून काढायची, कात्रीने कापायची नाही. कापली की दोन येतात. सात पानांची फांदी रानटी आणि पाच पानांची अस्सल, हा नियम सर्रास सांगितला जातो, त्यावर विसंबू नये. कितीतरी चांगल्या गुलाबांना सात पानं असतात. फांदी कुठून निघाली ते माती बाजूला करून पाहावं, एवढीच खरी परीक्षा.

किडींच्या बाबतीत तर गुलाब आणि जिल्ह्याची पिकं यांची भावकीच आहे. गुलाबाच्या जुन्या फांद्यांवर तांबूस खवले चिकटतात, ती लाल खवले कीड मोसंबीवरही तीच. मिरचीचं पान मुरडणारे फुलकिडे, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराला माल पुरवणाऱ्या गावांमध्ये ज्यांच्या नावाने शिव्या घातल्या जातात, तेच फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबाच्या कळीत शिरतात आणि पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या करतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे निंबा-बाभळीबरोबर गुलाबाची पानंही चाळणी करून टाकतात. शेतात याच्यावर जे जालीम फवारे मारले जातात ते अंगणात आणू नयेत; त्या फुलांच्या पाकळ्या घरातलं पोर तोंडात घालतं आणि आजी गुलकंदाला घेते. खवले जुन्या दातघासणीने खरवडून निघतात. भुंगेरे रात्री फांदी हलवून साबणाच्या पाण्यात पाडता येतात. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या लाल कोळ्याला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, पाणी असेल तर. डिसेंबरात भुरी आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. पण उन्हं तापल्यावर ना गंधक, ना निंबोळी तेल, दोन्ही पानं भाजतात.

पावसाळ्यातले काळे ठिपके म्हणजे पाश्चात्त्य गुलाबवेड्यांचं मोठं दुखणं. अमेरिकेत विल्यम रॅडलर या गृहस्थाने रोगट पानं वाळवून त्यांची पूड रोपांवर भुरभुरली, त्यातून जी रोपं तगली तीच निवडत गेला आणि २०००मध्ये ‘नॉक आउट’ हा झुडुपी गुलाब बाजारात आला. कल्पना बियाण्यांच्या गावाला आवडावी अशी आहे. पण आपला पाऊस तीन-साडेतीन महिन्यांचा, मध्ये खंडच खंड; आपला छळ काळे ठिपके करत नाहीत, कोळी आणि मे महिना करतात. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिनचे गुलाब हल्ली ऑनलाइन मागवले जातात. १९८३ च्या ‘ग्रॅहम थॉमस’पासून त्यांचं नाव जगभर झालं, जुन्या गुलाबांचा वास आणि भरगच्च पाकळ्या, शिवाय बारमाही फुलणं. जानेवारीत जालन्यातही ते सुंदर दिसतील. बेचाळीस अंशांत त्या शंभरएक पाकळ्यांचं काय होतं ते पाहायला माझ्याच्याने होत नाही, आणि त्यांच्या किमतीही मनावर घ्यायच्या नाहीत.

कोडाईकनालला विरू वीरराघवन यांनी सनदी नोकरी सोडून आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की जगातले गुलाब थंड देशांसाठी घडवले गेले, उष्ण देशांसाठी उष्ण देशातल्या रानगुलाबांचं रक्त हवं. म्हणून त्यांनी ईशान्येकडचा ‘जायगँटिया’ आणि मैदानी उष्णतेत, पाणथळीतही तगणारा ‘क्लिनोफायला’ संकरात आणले. त्यांचे गुलाब अजून जालन्याच्या नर्सरीत सहज मिळत नाहीत. तोवर माझी निवड विचाराल तर गावरान गुलाब पहिला. मग ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’, १८९७ चा, गडद लाल, सुवासिक, कुंपणाला लावावा असा; पालांचा ‘रोझ शरबत’ याचंच लेकरू. पांढऱ्यात १९५८ चा ‘आइसबर्ग’. उंच, कमी काट्यांचा ‘क्वीन एलिझाबेथ’. हे सगळे छाटणीच्या काडीवर लागू शकतात, स्वतःच्या मुळांवर. पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, दुपारनंतरचं ऊन आणि तापलेली भिंत मिळून झाडाला भाजतात. पूर्वेची बाजू, दुपारी निंबाची विरळ सावली, ही जागा सोन्यासारखी.

गुलकंद करायचा तर फवारा न मारलेल्या गावरान पाकळ्याच घ्याव्या, सूर्य वर यायच्या आत खुडलेल्या. पाकळ्या आणि खडीसाखर समसमान वजनाने काचेच्या बरणीत थरावर थर, तीन-चार आठवडे उन्हात. हारातल्या गुलाबाचा करू नये, त्याच्यावर काय मारलंय हे हारवाल्यालाही माहीत नसतं.

दिवाळीच्या छाटणीत पडलेला ढीग जाळून टाकायच्या आधी त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी काड्या वेगळ्या काढाव्यात. वीतभर लांबी, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा. मुरूम, वाळू आणि थोडं शेणखत यांच्या मिश्रणात दोन डोळे मातीत जातील अशा रोवाव्या, सावलीत ठेवाव्या, ओल राखावी पण पाणी साचू देऊ नये. पानं फुटली म्हणजे मुळं फुटली असं नव्हे. काडी साठवणीतल्या बळावर पानं काढते आणि बघता बघता माना टाकते, म्हणून दीड-दोन महिने उपटून बघायचा मोह टाळावा. दहापैकी चार लागल्या तरी पुष्कळ झालं. एक आपल्याला, एक लेकीला, आणि बाकीच्या मागायला शेजारची येईलच.